आरसेमहालातली झडती

त्या दिवशी माझ्या आईला आरसेमहालातून बाहेर काढलं. तिच्याकडे तिकीट होतं. मी तिच्या शेजारी उभी होते. मॅनेजर म्हणाला, "ए, चल. बाहेर चल." आई चालू लागली. मी चालले नाही.

आई असताना हे लिहिलं असतं तर तिनं विचारलं असतं, "कशाला गं ते परत?" आता विचारणारं कोणी नाही. म्हणून लिहिते आहे.

आम्ही निपाणीचे. वस्तीतल्या बहुतेक बायका तंबाखूच्या वखारीत कामाला. आईही. सकाळी जायची, दिवसभर पाला चाळायची, काड्या निवडायची, दिवेलागणीला परत यायची. सुटताना वखारीच्या दारात झडती असायची. बायकांनी रांगेत उभं राहायचं. पाळी आली की दोन्ही हात बाजूला पसरायचे. पदर सोडून झटकून दाखवायचा. ओचा सोडून दाखवायचा. दिवाणजी खुर्चीवर पाय घेऊन बसलेला असायचा. तो मान हलवायचा, मग पुढची. मी लहानपणी आईला आणायला गेले की दाराबाहेर उभी राहून हे बघायचे. मला वाटायचं, काम संपलं की असंच करायचं असतं. घरी आल्यावर मीही एकदा भांडी घासून झाल्यावर हात पसरून उभी राहिले होते. आईनं फाडकन मुस्काटात मारली. का मारली ते सांगितलं नाही.

झडती दिली तरी कपड्याच्या विणीत अडकून तंबाखूचा चुरा घरी यायचाच. दिवाणजीला तो दिसत नसे. आई दारातच एका फडक्यावर लुगडं झाडायची. चिमूटभर चुरा जमायचा. त्याची पुरचुंडी बांधून ती पत्र्याच्या पेटीत टाकायची. कपड्यांना कसर लागत नाही म्हणून. वस्तीतल्या सगळ्याच बायका असं करायच्या. आमच्या सगळ्यांच्या नव्या कपड्यांना, नव्या वह्यांना, लग्नातल्या आहेरालासुद्धा तोच वास. आम्हांला तो येत नव्हता. पाण्याला वास असतो का? तसंच.

पेटीत आईची एक जांभळी साडी होती. बाबांनी आणलेली. ती नेसायच्या आत बाबा गेले. साडीची घडी तशीच राहिली. दर वर्षी आई पुरचुंडी बदलायची आणि पेटी बंद करायची.

बेळगावच्या बाहेर तळ्याकाठी एका श्रीमंतानं बाग केली होती. बाग म्हणजे नुसती झाडं नव्हेत. लहान आगगाडी, होड्या, आकाशपाळणा, रंगीत कारंजी, आणि आरसेमहाल. राहायला खोल्याही होत्या. सुटीत पैसेवाली माणसं मुलाबाळांना घेऊन तिथं चार-चार दिवस राहायची. एकदा दारातून आत गेलं की सगळे खेळ त्याच तिकिटात. पण ते तिकीट असं होतं की आमच्या वस्तीतलं कोणी त्याचा विचार करत नसे.

शेजारच्या गजराआक्काचा जावई तिथं माळी होता. बाग बंद असते अशा एका दिवशी त्यानं सासूला आत नेऊन सगळं दाखवलं. त्यानंतर महिनाभर आक्का दुसरं काही बोललीच नाही.

"आरशात जाडी दिसतीया, बारकी दिसतीया, उलटी दिसतीया. हसून हसून पोटात दुखाय लागलं बघा. पर शेवटचा आरसा खरा हाय. पुरा. पायापासनं डोस्क्यापतूर. मी म्हटलं, ह्या कोण बाई?"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. आमच्या घरात तळहाताएवढा आरसा होता, एका कोपऱ्यात पारा उडालेला. त्यात कुंकू लावण्यापुरतं कपाळ दिसायचं. पुढं कुंकूही गेलं, मग तेवढंही बघायचं कारण उरलं नाही.

त्या वर्षी वखारीतल्या बायकांच्या भिशीत आईचा नंबर लागला. कुणी त्यातून हंडा घ्यायचं, कुणी छपरावर कौलं. आई म्हणाली, "मी आन् माझी लेक बागेला जाणार."

वस्तीत वाद पेटला. गजराआक्काच सगळ्यांत पुढं.

"खुळी का काय गं तू? एका दिसाला येवढं पैसं? येवढ्यात पितळंची भांडी येत्यात."

"भांडी रोजच बघते की."

"मग घासून लख्ख कर. त्यात तोंड दिसतंय."

"तोंडच दिसतंय," आई म्हणाली. "बाकीची मी कुठं हाय?"

आक्का उठली. जाताना म्हणाली, "आल्यावर सांग हां, पैसं फिटलं का न्हाय ते."

आदल्या दिवशी आम्ही एस.टी.नं बेळगावला आलो आणि येळ्ळूरला मावशीकडे राहिलो. सकाळी आईनं ती साडी काढली. मावशी म्हणाली, "जरा वाळत घाल की गं बाहेर." आई म्हणाली, "नगं. घडीच्या रेघा जात्यात." तिला घडीच्या रेघांसकट नेसायचं होतं. नवं आहे हे दिसायला पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा घडी मोडायची तर ती तिथं, त्या शेवटच्या आरशापुढं दिसायला पाहिजे. मीही पेटीतला फ्रॉक तसाच घातला. आमच्या दृष्टीनं आम्ही त्या दिवशी स्वच्छ होतो. डोक्यावरून अंघोळ केलेली. तेल लावलेलं. नवे कपडे.

बागेच्या दारावर कन्नडमध्ये पाटी होती. मी ती आईला वाचून दाखवली. सर्व खेळ एका तिकिटात. आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली. आकाशपाळण्यापाशी मी थांबले तर तिनं माझा हात ओढला. "आधी आरसे. मग दिवसभर कायबी कर."

आरसेमहाल म्हणजे पत्र्याची लांब, बंद खोली होती. एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर. दोन्ही बाजूंना आरसे. आत गर्दी होती, उकडत होतं. पहिल्याच आरशात आई गोल गरगरीत दिसली. गाल सुटलेले, दंड भरलेले. तिनं माझा खांदा धरला आणि हसायला लागली. आई मोठ्यानं हसते हे मला माहीत नव्हतं.

"बघ गं, शेठाणी झाले मी!"

पुढच्या आरशात ती काडीसारखी दिसली. "आन् ही वखारीतली."

मागं कोणीतरी शिंकलं. एक लहान मुलगी होती, रिबिनी बांधलेली. ती परत शिंकली. मग तिचा भाऊ. मग एक म्हातारे गृहस्थ रुमाल काढून नाकाला लावायला लागले. बंद पत्रा, घाम, आणि आईच्या साडीच्या घडीतून सुटत असलेला इतक्या वर्षांचा चुरा. आम्ही दोघी मात्र काही न कळून पुढच्या आरशाकडे निघालो होतो.

"थांबा," त्या मुलीची आई म्हणाली. "हा तंबाखूचा वास कुठून येतोय?"

आईनं वळून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती आईच्या वखारीच्या मालकाची बायको होती. दिवाळीत ती वखारीच्या पूजेला यायची, तेव्हा सगळ्या बायका भिंतीला लागून उभ्या राहायच्या. तिनं आईला ओळखलं नव्हतं. वास ओळखला होता.

"वखारीतल्या ना तुम्ही? काय आणलंय अंगावर? काय बांधून आणलंय?"

तिचा आवाज चढला होता. आणि आईनं काय केलं?

आईनं दोन्ही हात बाजूला पसरले. पदर सोडला. झटकून दाखवला. मग ओच्याला हात घातला.

तिला कोणी सांगितलं नव्हतं. मालकाच्या माणसाचा आवाज चढला आणि तिच्या हातांना ते आपोआप कळलं. ती आरसेमहालात झडती देत होती. आणि भोवती सगळीकडे आरसे. एकात ती जाड होऊन हात पसरत होती, एकात काडी होऊन. एकात तिचं डोकं खाली, पाय वर, आणि हात तसेच पसरलेले. छताला लावलेल्या आरशातही ती होती. जिकडं बघावं तिकडं माझी आई झडती देत होती.

पदर झटकल्यावर चुरा उडाला. सगळे शिंकायला लागले. ती रिबिनीवाली मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "मम्मी, ही बाई पक्ष्यासारखी करते." चार माणसं हसली. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला असेल.

मी आईचे हात खाली ओढले. ते खाली येईनात. ती दिवाणजीच्या मान हलवण्याची वाट बघत होती.

मग मॅनेजर आला. मालकिणीशी कन्नडमधून अदबीनं बोलला. तिनं आमच्याकडे बोट केलं. तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "ए, चल. बाहेर चल. आलीस त्याच दारानं."

आई चालू लागली. मी चालले नाही.

मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी. पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द निघाले. "आम्ही तिकीट काढलंय. शेवटचा आरसा राहिलाय. आम्ही त्या दारानं जाणार."

"पैसे परत देतो. घे आणि जा."

"पैसे नकोत. आरसा बघायचाय."

त्यानं खिशातून नोटा काढल्या आणि माझ्यापुढं धरल्या. मी हात मागं बांधले. त्यानं त्या खाली टाकल्या. मी मालकिणीकडे बघितलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून विचारलं, "शेठ वखारीतून घरी येतात तेव्हा तुम्ही शिंकता का?"

ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "त्यांचे कपडे धोब्याकडे जातात."

मागून आई आली. वाकली. जमिनीवरच्या नोटा तिनं गोळा केल्या, पदराच्या टोकाला बांधल्या. "मजुरी हाय ती माझी," एवढंच म्हणाली. माझा दंड धरला आणि मला ओढत, आलो त्याच दारानं बाहेर नेलं. शेवटचा आरसा आमच्यापासून फार तर दहा पावलांवर असेल. दुसऱ्या दाराचा उजेड मला दिसत होता.

एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली. संकेश्वर गेल्यावर एकदाच बोलली. "कामावर घेतील न्हवं गं उद्या?"

वस्तीत पोचलो तर गजराआक्का उंबऱ्यावर वाटच बघत बसली होती. "काय गं, पैसं फिटलं का?"

"फिटलं की," आई म्हणाली. "लई मज्जा आली."

"शेवटचा आरसा बघितलास?"

"बघितला."

"पुरी?"

"पुरी."

पुढं वस्तीतली कोणी बागेला जायचं म्हणाली की आई तिच्या घरी जाऊन हळूच सांगायची, "साडी दोन दिस उन्हात टाक गं आधी." का ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

कामावर घेतलं तिला. काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. मालकिणीकडून सगळं दिवाणजीपर्यंत पोचलं होतं. त्यानं तिला मागच्या खोलीत घातलं, जिथं चुरा चाळून तपकिरीसाठी बारीक करायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं बाया वर्ष-दोन वर्षांच्या वर टिकत नसत. दिवाणजी सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला आरसं लई आवडत्यात म्हणं. तिकडं आरसं न्हाईत." बायका खाली बघत राहिल्या. आई त्या खोलीत माझं कॉलेज होईपर्यंत राहिली. मला पुस्तकं लागायची. तिला खोकला लागला होता. दोन्ही वाढत गेलं.

पुढं वखारीतल्या बायका संघटित झाल्या. रस्त्यावर बसल्या. इतर गोष्टींबरोबर झडतीही बंद झाली. त्या संध्याकाळी मी मुद्दाम वखारीच्या दारात गेले. बायका हसत, मान वर करून बाहेर येत होत्या. दिवाणजीची खुर्ची रिकामी होती. आई बाहेर आली. खुर्चीसमोर थांबली. हात पसरले. पदर झटकला. मग पुढं निघाली. गजराआक्का ओरडली, "अगं, संपलं की आता ते!" आई म्हणाली, "व्हय, व्हय." दुसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं.

मी शिक्षिका झाले. बेळगावात खोली घेतली, आईला आणलं. पहिली खरेदी म्हणून दाराला उभा आरसा असलेलं कपाट आणलं. पुरा आरसा. मी आईला त्याच्यापुढं उभी केली. तिनं डोळे मिटून घेतले. "नगं गं. त्या दिशी मी लई दिसले मला." नंतर ती त्या कपाटापुढून जाताना भिंतीकडे तोंड करून जायची. काही दिवसांनी मी आरशावर चादर टाकली.

शेवटी ती दवाखान्यात होती. श्वास पुरत नव्हता. डॉक्टर छाती तपासायला जवळ आले की ती झोपल्या जागी दोन्ही हात बाजूला पसरायची. नर्स म्हणायची, "आजी, हात खाली घ्या. सलाईन निघेल." ती हात खाली घ्यायची. परत कोणी पांढऱ्या कपड्यातलं आलं की परत पसरायची. डॉक्टरांना वाटलं, तिला दम लागतोय म्हणून. तशीच ती गेली. हात मी खाली घेतले. या वेळी ते आले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पाहुणे गेले. मग मी तिची पत्र्याची पेटी उघडली. जांभळी साडी वरच होती. पुन्हा नीट घडी घातलेली, त्याच जुन्या रेघांवर. मधे पुरचुंडी. मी साडी उचलून तोंडाशी नेली.

मला शिंक आली.

एक, मग दुसरी. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं होतं मला कळेना. ज्या वासात मी जन्मले, तो मला आता वास म्हणून येत होता. साबण, पावडर, शाळा, बेळगाव. मी त्या पत्र्याच्या खोलीतल्या रुमालवाल्यांच्या बाजूला येऊन उभी होते, आणि मला कुणी तिकडं नेलं हेही ठाऊक नव्हतं. मी पेटीपाशी बसून राहिले. त्या रात्री मला जगण्याचं एकही कारण नीट सापडलं नाही.

कामावर परतले त्या आठवड्यात शाळेत सहलीचा विषय निघाला. हेडसर म्हणाले, या वर्षी बागेलाच नेऊ. तिकीट फार आहे, पण मुली खूश होतील. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही लहानपणी गेला होता म्हणालात ना तिथं? सांगा, एवढे पैसे घेऊन फिटतात का?"

मी म्हणाले, "मला सांगता येत नाही, सर. मी अर्धंच बघितलंय."

ते हसले. मग जाता जाता म्हणाले, "आणि त्या खालच्या वस्तीतल्या मुली येणार असतील तर त्यांना जरा सांगून ठेवा. कपडे धुतलेले, स्वच्छ. लोक असतात तिथं."

वर्गात त्या मुली शेवटच्या बाकावर बसतात. त्यांच्या आया विड्या वळतात. त्यांच्या वह्यांना तोच वास आहे.

मी म्हणाले, "मी सांगणार नाही."

"म्हणजे?"

"कुणालाही काही सांगणार नाही. त्या जशा येतील तशा येतील. मी त्यांच्यापुढं असेन. एकीला जरी अडवलं तरी मी दारात उभी राहीन आणि मग दुसरं कोणी आत जाणार नाही, कोणी बाहेर येणार नाही. पैसे परत दिले तर घेणार नाही. खाली टाकले तर उचलू देणार नाही."

हेडसर म्हणाले, "विचार करा, बाई. नोकरी आहे."

विचार मी केला आहे. आईनं त्या एका दिवसाचं तिकीट दोनदा भरलं. एकदा भिशीतून, एकदा छातीतून. पहिलं त्यांनी परत केलं. दुसरं कोणी परत केलेलं नाही. पैसे फिटले का, असं विचारणाऱ्याला माझं एवढंच उत्तर आहे, आणि ते मी आता मोठ्यानं देणार आहे.

सहल शनिवारी आहे. मी जांभळी साडी नेसणार आहे. ती उन्हात टाकलेली नाही, झाडलेली नाही. ज्याला शिंकायचं असेल त्यानं शिंकावं. मलाही शिंक आली तर मी शिंकेन आणि पुढं चालेन. दुसऱ्या दारानं बाहेर पडेन.

कपाटावरची चादर काढली आहे. पेटीत पुरचुंडी आहे. आई नाही. शेवटचा आरसा बघायचा राहिला आहे.